भिंतीपाशी एक फट

नीदियाला जाग आली तेव्हा ती वखारीतल्या फळ्यांच्या थप्पीवर चक्क आडवी झालेली होती, आणि डोक्याखाली कुणाचा तरी शर्ट होता. नीट घडी घातलेला, भुशाचा वास येणारा.

“झोपा अजून,” कुणीतरी म्हणालं. “ती थप्पी विकली गेलेली नाही.”

ती दचकून उठून बसली. समोर उलट्या डब्यावर बसून एक माणूस कॉफी पीत होता. अंगात नुसता बनियन, म्हणजे शर्ट त्याचाच. चाळिशीला टेकलेला, दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं.

“माफ करा… इथं कुणी दिसलं नाही, म्हणून जरा टेकले आणि…”

“माफी कसली? गिऱ्हाइकं फळी वाजवून बघतात, हुंगून बघतात. झोपून बघणाऱ्या तुम्ही पहिल्याच. कुठल्या शाळेत शिकवता?”

“सान आंद्रेसच्या. पण मी शाळेत शिकवते हे तुम्हाला—”

“तुम्हीच सांगितलंत की. झोपेत म्हणालात, ‘मागच्या बाकावर कोण बोलतंय?’ मी आपला गप्प बसलो.”

नीदियाला हसू आलं. हसता हसता तिला जांभई आली. तिची बघून त्यालाही आली, आणि दोघं तोंडावर हात धरून एकमेकांकडे बघत राहिले. ओळख व्हायची ही काही रीत नव्हे, पण झाली ती अशी.

आता भर दुपारी परक्या वखारीत झोपणारी ही बाई कोण, असं कुणी विचारेल. सांगते. नीदिया मान्सानेरोचा दिवस दोन्या ओतिलियांच्या अंघोळीनं सुरू व्हायचा. दोन्या म्हणजे आमच्याकडचं ‘बाईसाहेब’; ओतिलिया ही आमिल्कारची आई, आणि आमिल्कार म्हणजे नीदियाचा होणारा नवरा. तो आठ वर्षांपासून ह्यूस्टनला लोकांच्या घरांवर छपरं बसवत होता. आमच्या सान आंद्रेसमध्ये पुरुष उत्तरेला गेला की त्याचं घर इथं थोडं थोडं उभं राहतं, आणि त्याची मुलगी— म्हणजे ज्या मुलीला शब्द दिलाय ती— त्याच्या आईजवळ राहून तिचं करते आणि गवंड्यांवर लक्ष ठेवते. तळ्याकाठच्या चढावर अशी घरं बरीच आहेत, आणि अशा मुलीही बऱ्याच. नीदिया सव्विसाची होती तेव्हा पायाचे दगड पडले. आता चौतिसाव्या वर्षी ती वरच्या मजल्यावरच्या खोलीच्या जमिनीपर्यंत पोचली होती. तिला दुःख असं नव्हतं. आमिल्कार वाईट नव्हता, पैसे वेळेवर पाठवायचा. ती फक्त थकली होती, आणि रात्रीच्या झोपेनं तो थकवा जात नव्हता.

“महोगनी हवीय,” ती केस सारखे करत म्हणाली. “वरच्या खोलीच्या जमिनीसाठी.”

“तुम्हाला हवीय?”

“आमिल्कारला. माझ्या… होणाऱ्या नवऱ्याला.”

“बरं. आणि तो कधी होणार?”

असा आगाऊ प्रश्न गावात कुणी विचारला नव्हता. नीदियानं शर्टाची घडी त्याच्या हातात दिली. “तुम्ही लाकूड विकता की लग्नं जुळवता?”

“लाकूडच. एलिसेओ चायाश. आणि महोगनी संपली, बाई. आमच्या गावाच्या जंगलात वर्षाला जेवढी तोडायची ठरलीय तेवढी तोडून झाली. तिकडे हमरस्त्यावर ट्रकवाले विकतात, स्वस्तात देतील. ती कुठून येते ते त्यांना विचारू नका म्हणजे झालं.”

“आणि तुमची कुठून येते?”

“ज्या पट्ट्यात यंदा तोडलं, तिथं आता तीस-चाळीस वर्षं कुणी करवत नेत नाही. पुढची तोड आमची मुलं करतील.”

“किती मुलं तुम्हाला?”

“एकही नाही.” तो कॉफीच्या पेल्यात बघत म्हणाला. “बायको होती. जंगलातल्या नवऱ्याची वाट बघून कंटाळली, राजधानीला गेली. तिचं काही चुकलं नाही.” मग लगेच उठला. “या, वेगळं काहीतरी दाखवतो.”

त्यानं पाच-सहा जातींच्या फळ्या उन्हात मांडल्या. सांता मारिया गुलाबी, पुक्ते काळपट हिरवा, मांचिचे विटकरी. नीदिया सगळ्यांवरून हात फिरवत गेली आणि एका फळीपाशी थांबली. गडद तपकिरी, आतून काळ्या रेघा, आणि एका बाजूला उगाच सोनेरी झाक.

“ही.”

“चेचेन आहे तो!” एलिसेओ म्हणाला.

तिनं हात मागं घेतला. आमच्या या पेतेनच्या जंगलात वाढलेलं कुठलंही पोर घेईल. चेचेनचा चीक अंगाला लागला की कातडी सोलून निघते.

“वाळलेला काही करत नाही,” तो हसला. “ओला असतानाच चावतो. मीही सकाळी तसाच असतो, कॉफी मिळेपर्यंत.”

“मग तुम्हाला दुपारीच भेटलेलं बरं.”

बोलून गेली, आणि कानशिलं गरम झाली. कित्येक वर्षांत तिनं कुणाला असं उत्तर दिलं नव्हतं. फळी मात्र तिनं चेचेनचीच ठरवली. आमिल्कारनं सांगितलेलं सोडून स्वतःच्या मनानं त्या घरात घेतलेली ही पहिली वस्तू.

दोन्या ओतिलियांना कळलं तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं.

“चेचेन? त्या मेल्या झाडानं माझ्या नवऱ्याची पाठ सोलली होती! आणि तू ते माझ्या पायाखाली घालणार?”

“वाळलेला काही करत नाही, दोन्या ओतिलिया.”

“कोण म्हणतं?”

“वखारीतला माणूस.”

“त्याला विचार, चंद्र उतरणीला असताना तोडलाय की चढणीला. चढणीचा असला तर भुंगा लागेल. आणि खरं बोलतो का बघ.”

फळ्या घेऊन एलिसेओ स्वतःच आला. पिकअप चढावर धापा टाकत उभी राहिली, आणि म्हातारीनं दारातच त्याला चंद्राबद्दल गाठलं.

“अर्धा उतरणीचा, अर्धा चढणीचा,” त्यानं सांगून टाकलं. “यंत्र भाड्यानं आणलेलं असलं की चंद्राला कोण विचारतो, दोन्या? पण तुमच्यासाठी उतरणीचा वेगळा काढून आणलाय.”

म्हातारीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “खोटं बोलता आलं असतं की तुला.”

“तुमच्यासमोर? भीती वाटली.”

“कॉफी कर गं याला,” दोन्या ओतिलिया आत ओरडल्या. आमच्याकडे यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

लाकूड आलं की लगेच ठोकत नाहीत. ज्या खोलीत राहायचं तिथल्या हवेत ते काही आठवडे मुरवावं लागतं. फळ्यांमध्ये काठ्या घालून एलिसेओनं थप्पी रचली, आणि मग फळ्या उलटून ठेवायच्या निमित्तानं तो दर रविवारी नावेतून तळं ओलांडून यायला लागला. फळ्या उलटायला अर्धा तास पुरायचा, पण तो दुपार बसायचा. खाली म्हातारी घोरायची, वर हे दोघं खिडकीत पाय सोडून तमाल— मक्याच्या पिठाचे, पानात उकडलेले— खायचे आणि तळ्याकडे बघायचे. तळ्यावर धुराचा पडदा असायचा, कारण कोरड्या महिन्यांत सगळीकडे वणवे पेटत होते. एलिसेओ रात्ररात्र गस्तीला जायचा. बोलता बोलता तो मध्येच डुलकी काढायचा, आणि ती काढू द्यायची. दोन थकलेल्या माणसांना एकमेकांपुढे थकलेलं राहता येणं, यात किती सुख असतं ते ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच ठाऊक.

“तुम्ही इथं झोपायलाच येता की काय?” एकदा ती म्हणाली.

“हिशेब पुरा करतोय. आधी कोण झोपलं होतं?”

“माझ्या डोक्याखाली शर्ट तरी होता.”

“मग तुम्ही काय देणार? खांदा?”

ती थोडी सरकली. खांदा त्याला मिळाला नाही, तरी त्यांच्यामधलं अंतर वितीवर आलं, आणि नाव परत निघेपर्यंत ते तेवढंच राहिलं.

एप्रिलच्या अखेरीस जमीन ठोकायला घेतली. एलिसेओनं चारही भिंतींपाशी बोटभर फट सोडली. “पावसात लाकूड फुगतं, त्याला हलायला जागा हवी. वरून पट्टी मारली की दिसणारसुद्धा नाही.”

संध्याकाळी आमिल्कारचा व्हिडिओ कॉल आला. नीदियानं फोन खोलीभर फिरवला.

“ती फट कसली?” तो म्हणाला. कुठल्यातरी छपरावरच बसला होता, चेहरा उन्हानं करपलेला. “झुरळं शिरतील, विंचू शिरतील. इथं कुठल्याच घरात अशी फट बघितली नाही मी. बंद करून टाक. आणि काळं लाकूड का गं? मी महोगनी सांगितली होती ना?”

“महोगनी नव्हती.”

“असू दे. पण फट बंद कर. फळी भिंतीला घट्ट भिडली पाहिजे. मला तिथं येऊन सगळं नीट दिसायला हवं.”

फोन ठेवल्यावर ती एलिसेओकडे न बघता म्हणाली, “बंद करा.”

“बाई, ही जमीन उठेल.”

“त्याचं घर आहे.”

“आणि तुम्हाला काय हवंय?”

नीदियानं तोंड उघडलं… आणि उत्तर सापडेना. इतका साधा प्रश्न. तुम्हाला चहा हवा की कॉफी, इतका साधा. या घरात ती सून म्हणून नांदणार होती, की इथली राखण करता करताच तिचं आयुष्य जाणार होतं, हे तिनं स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. विचारायला बसलं असतं तर दुसऱ्या दिवशी उठून गवंड्याला सिमेंट कोण आणून देणार?

“मला वाद घालायचा कंटाळा आलाय,” ती शेवटी म्हणाली. “तेवढंच ठाऊक आहे.”

एलिसेओनं हातोडी उचलली. फळ्या भिंतीला घट्ट भिडवल्या, हत्यारं पिशवीत भरली आणि गेला. पुढच्या रविवारी उलटायला फळ्याच नव्हत्या, त्यामुळे तो आला नाही. नीदिया सवयीनं तमाल जास्तीचे करून बसली, आणि ते तिनं आणि म्हातारीनं दोन दिवस खाल्ले.

जूनमध्ये हवा ओलावली, जुलैत तळं पायऱ्यांपर्यंत चढलं, आणि ऑगस्टच्या एका दुपारी नीदिया शाळेतून आली तर दोन्या ओतिलिया काठी टेकत वरच्या खोलीच्या दारात उभ्या. खोलीच्या मधोमध जमीन गुडघाभर वर आली होती.

“बघ,” म्हातारी म्हणाली, “माझ्या मुलाचं पोट.”

नीदिया जी हसायला लागली ती थांबेना. भिंतीला टेकून खाली बसली आणि हसत राहिली. मग त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते तिलाही कळलं नाही. दोन्या ओतिलिया कष्टानं तिच्याशेजारी खाली बसल्या. या बाईनं आठ वर्षांत तिला जवळ घेतलं नव्हतं, आताही घेतलं नाही. पण पदरासारखा आपल्या शालीचा शेव तिच्या हातात दिला.

“पूस. आणि त्या चेचेनवाल्याला बोलव.”

“कशाला?”

“जमीन कोण काढणार, मी? आणि आमिल्कारला फोन कर. आधी त्याला, मग याला. क्रम चुकवू नकोस, लोक नावं ठेवतील.”

नीदिया तिच्याकडे बघत राहिली.

“अशी बघू नकोस. चिकल, म्हणजे च्युइंग गमचा चीक, गोळा करायला माझा नवरा जंगलात जायचा, सहा-सहा महिने. मी दारात बसून म्हातारी झाले, आणि तो आला की आम्हाला एकमेकांशी बोलायला काही नसायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. तुला सांगायला हवं होतं… पण मला तुझी सवय झाली होती, पोरी. सकाळचं पाणी दुसरं कुणी इतकं बेताचं गरम करत नाही.”

फोन तिनं संध्याकाळी केला. जमीन उठल्याचं सांगितलं.

“उखडून टाक,” आमिल्कार म्हणाला. “पांढऱ्या टाइल्स घाल, चकचकीत. कटकटच नको.”

“नाही.”

“म्हणजे?”

“टाइल्स नाही घालणार. फळ्या चांगल्या आहेत. फट बुजवणं चुकलं.” तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. “आमिल्कार, आपण शेवटचे कधी भांडलो?”

“आपण कधी भांडतच नाही.”

“हो ना.”

पलीकडून गाड्यांचा आवाज येत होता.

“मी यायचं म्हणतो दर वर्षी,” तो म्हणाला. “म्हणतो, आणि मग… इथं माझी झोपायची जागा ठरलेली आहे, न्याहारीची टपरी ठरलेली आहे. तिथं आलो तर मी काय करू, नीदिया? घराचा विचार केला की मला खोल्या दिसतात. माणसं दिसत नाहीत.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“आईचं तू करत होतीस. कुठल्या तोंडानं सांगू?”

तिला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. आठ वर्षं दोघं एकाच घराला दोन बाजूंनी खांदा देऊन उभे होते, आणि आधी सोडायचं कुणी म्हणून कुणीच सोडत नव्हतं. “छपरावर जपून चढत जा,” ती म्हणाली. तोही म्हणाला, “हो.” मग दोघांनी फोन ठेवला.

आईचं काय, हा प्रश्न होताच. तो दोन्या ओतिलियांनीच सोडवला. “माझ्या पोटची मुलगी तळ्याच्या पलीकडे फ्लोरेसला राहते,” त्या म्हणाल्या. “तिला आठ वर्षं फुकटची सुट्टी मिळाली. आता ये म्हणावं.” मुलगी कुरकुरत आली. पाणी कधी कढत, कधी गार, पण आली.

आमिल्कारनंतर तिनं एलिसेओला फोन केला होता, आणि तो दुसऱ्या दिवशीच हजर झाला, हत्यारांसकट. फुगवटा बघून त्याला अजिबात नवल वाटलं नाही.

“तुम्हाला ठाऊक होतं,” नीदिया म्हणाली.

“होतं.”

“मग ठोकलीत कशाला? हातोडी टाकून निघून जायचं होतंत!”

त्यानं टोपी काढली, परत घातली. “निघून गेलो असतो तर दुसऱ्या कुणाकडून ठोकून घेतली असतीत. मग उठल्यावर… त्याला बोलावलं असतंत.” तो जमिनीकडे बघत होता. “लाकडाच्या बाबतीत मी असं कधी करत नाही, बाई. एवढ्या एकाच वेळी केलं. लाज वाटते. पण परत संधी आली तर परत करेन.”

नीदियाला चिडायचं होतं. तिनं जवळची पट्टी उचलली आणि त्याच्या दंडावर हाणली, अगदी शाळेत हाणावी तशी. त्यानं शिक्षा घेणाऱ्या पोरासारखा हात पुढं केला. म्हणजे आता दुसरी इथं मारा. तिनं पट्टी खाली ठेवली आणि त्या हातात आपला हात दिला. बाहेर धो धो पाऊस होता. त्या खोलीत पुढचा बराच वेळ काम झालं नाही, आणि खालून दोन्या ओतिलियांनी दोनदा खाकरून बघितलं.

फळ्या निघाल्या, सुकल्या, मुरल्या. ज्या वाकल्या होत्या त्यांना रंधा मारून, खिळे बदलून त्याच परत बसल्या. या खेपेला भिंतीपाशी फट सोडायची हे नीदियानं सांगितलं, आणि किती तेही तिनंच आपलं बोट ठेवून दाखवलं. घर आमिल्कारचं होतं आणि आमिल्कारचंच राहणार होतं. तरी काम नीट झाल्याशिवाय तिला तिथून पाय काढवेना. ऑक्टोबरात शाळा सुटल्या तेव्हा तिनं आपली पेटी उचलून आईकडे नेली, आणि तीन दिवस नुसती झोपली.

चौथ्या दिवशी एलिसेओ तिच्या आईच्या दारात उभा होता. आत यायला तयार नव्हता. टोपी हातात, चेहरा पडलेला.

“काय झालं?”

“पुढच्या पट्ट्यातली झाडं मोजायची आहेत. शनिवारी निघायचं. जंगलात तळ, फोनला रेंज नाही. नाताळापर्यंत.”

“बरं.”

“दर वर्षी असतं हे. आणि मग तोडीचे महिने, मग वणव्याचे.” तो एकदम बोलत सुटला. “मी तुला आधी सांगायला हवं होतं. तुझ्याजवळ बसलं की विसरायला होतं. तू आत्ता कुठं मोकळी झालीस, आणि मी… नीदिया, थांब म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एकीला म्हणालो होतो. तुला नाही म्हणवत.”

पहिल्यांदाच त्यानं तिला ‘तू’ म्हटलं होतं, आणि तेही निरोप घेताना. नीदियानं त्याच्याकडे नीट बघितलं. डोळ्यांखाली तेच काळं, दाढी तशीच. हा माणूस तिला हवा होता. कुणी न विचारता, न सांगता, हे उत्तर तिच्याकडे तयार होतं.

“नकोच म्हणूस,” ती म्हणाली. “मी नाही थांबणार.”

त्याचा चेहरा उतरला. तरी त्यानं मान डोलावली. “बरोबर आहे तुझं.”

“थांबून झालं माझं, एलिसेओ. आता जन्मभर कुणासाठी थांबायची नाही.” ती आत वळली आणि पलंगाखालून पेटी ओढायला लागली. “जानेवारीपर्यंत शाळा बंद आहे. शनिवारी पिकअप किती वाजता निघते?”

तो उंबऱ्यात तसाच उभा राहिला. “पहाटे पाचला. पण… पुढच्या सीटवर माझा करवतवाला बसतो.”

“त्याला मागं बसव,” नीदिया म्हणाली.